गाडीतून पेट्रोलचा वास येतोय? लीक कुठे आहे ते असं शोधा (टू-व्हीलर, कार आणि सीएनजी)

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला सांगलीला घरी गेलो होतो. पहिल्या अंघोळीच्या पहाटे आई पडवीत पणत्या मांडत होती आणि मला पेट्रोलचा वास आला. बाबांची जुनी कार्बोरेटरवाली स्कूटर रात्री पडवीतच असते. बाबा म्हणाले, "काल टाकी फुल्ल केलीय, त्यामुळे येतो थोडा." मीही ते मान्य करून टाकलं असतं, पण वाकून बघितलं तर फरशीवर हाताच्या पंजाएवढा ओला डाग होता आणि पाइपाच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. पेटलेली पहिली पणती तिथून चार-पाच फुटांवर होती.

पणती विझवली, स्कूटर ढकलत अंगणात नेली, डागावर वाळू टाकली. नंतर कळलं की आठ दिवस आधीच गॅरेजमध्ये ही तक्रार केली होती. तिथे क्लिप आवळून गाडी परत दिली होती. खरा दोष होता पाइपात. रबर कडक होऊन क्लिपच्या कडेला चिरलं होतं. शे-दीडशे रुपयांचा पाइप!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मेकॅनिक नाही. पण त्यानंतर हा विषय नीट समजून घेतला, कारण वास येणं हे गाडीचं एरर मेसेज आहे आणि आपल्यापैकी बहुतेक जण ते "डिसमिस" करतात. या लेखात बघूया: वास आला की आधी काय करायचं, तो कुठून येतोय हे कसं ओळखायचं, फोनची मदत कुठे होते आणि कुठे अजिबात होत नाही.

आधी हे करा, शोधाशोध नंतर

पेट्रोलचा तीव्र वास येत असेल किंवा थेंब पडताना दिसत असतील, तर क्रम असा ठेवा:

१. गाडी चालू असेल तर मोकळ्या जागी थांबवा आणि इंजिन बंद करा. बंद असेल तर चालू करून बघू नका. स्टार्टर मोटरमध्ये ठिणगी पडते.
२. आसपासची आग बंद करा: सिगारेट, उदबत्ती, दिवा, गॅस शेगडी. गाडी बंद जागेत असेल तर दारं-खिडक्या उघडा, पण लाइट-पंख्याची बटणं दाबू नका, चालू असेल ते चालू राहू द्या.
३. टू-व्हीलर असेल तर ढकलत उघड्यावर न्या. पेट्रोल कॉक असेल तर तो बंद करा.
४. बॅटरीची वायर घाईत काढू नका. ती सुटतानाही ठिणगी पडते.
५. सांडलेल्या पेट्रोलवर वाळू किंवा माती टाका. पाणी ओतलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरतं.
६. पेट घेतलाच तर लांब जा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. छोटी आग असेल आणि हाताशी एबीसी पावडरचं एक्स्टिंग्विशर असेल तरच प्रयत्न करा, तोही पळायची वाट मोकळी ठेवून.

"गॅरेज इथे जवळच आहे, चालवत नेतो" हा मोह सगळ्यांना होतो. थेंब पडत असतील तर नको. सायलेन्सर आणि इंजिन तापलेलं असतं, वाऱ्याने पेट्रोल त्यावर उडू शकतं. ढकलत न्या किंवा मेकॅनिकला बोलवा.

एवढ्याशा थेंबाने काय होतं?

हा प्रश्न बाबांनीही विचारला होता. म्हणून थोडा हिशेब करूया.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत पेट्रोलवर पेट घेऊ शकेल एवढी वाफ कायम तयार असते. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते, उतारानं घरंगळते, खड्ड्यात, बेसमेंटमध्ये, जिन्याखाली साठते. म्हणून पेट्रोल एका जागी सांडतं आणि पेट दुसरीकडे लागतो.

आता थेंबांचा ढोबळ हिशेब. पेट्रोलचे ४० थेंब म्हणजे १ मिली धरा. दर पाच सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला ७२० थेंब, म्हणजे १८ मिली. आठ तासांच्या रात्रीत जवळपास १४४ मिली. आणि फक्त १०० मिली पेट्रोल पूर्ण उडालं तर साधारण एक घनमीटर हवा पेट घेण्याइतकी होऊ शकते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिथे विजेचे मीटर लावलेले असतात, तिथेच रांगेनं टू-व्हीलर असतात, आणि बऱ्याच जुन्या इमारतींत बाहेर पडायचा एकमेव जिनाही तिथेच असतो. थेंब छोटाच असतो, प्रश्न तो कुठे पडतोय याचा आहे.

खाली पडलंय ते पेट्रोलच आहे ना?

कारखाली ओलं दिसलं म्हणजे लीकच असं नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी बघा:

- रंग नाही, वास नाही, एसी लावून आल्यावर पडलेलं: एसीचं पाणी. चिंता नको.
- पटकन वाळणारं, उग्र वासाचं, मागे फिकट डाग ठेवणारं: पेट्रोल.
- तपकिरी किंवा काळं, बोटाला चिकट-निसरडं: इंजिन ऑइल.
- हिरवट, गुलाबी किंवा निळसर, थोडा गोडसर वास: कूलंट. याची चव बघू नका आणि कुत्र्या-मांजरांनाही जवळ येऊ देऊ नका, ते विषारी असतं.
- डिझेलचा डाग तेलकट राहतो, लवकर उडत नाही.

डागाचा फोटो काढताना गाडीचं चाक फ्रेममध्ये येऊ द्या. म्हणजे डाग नेमका कुठल्या भागाखाली आहे हे मेकॅनिकला दाखवता येतं. दिसतोय तो थेंब मात्र नेहमी लीकच्या बरोबर खाली नसतो. पेट्रोल पाइपावरून, चेसिसवरून ओघळत येतं आणि सर्वात खालच्या टोकाला ठिबकतं. म्हणून ओल वरच्या बाजूला शोधत जायची.

वास कधी येतो, यावरून अर्धं निदान होतं

कोडमधला बग शोधताना आपण आधी विचारतो: हा नेहमी होतो की ठराविक वेळीच? इथेही तेच करा. दोन-तीन दिवस फोनमध्ये नोंद ठेवा: वेळ, टाकीतलं पेट्रोल, गाडी गरम होती की थंड, उन्हात उभी होती का, वास पुढे जास्त की मागे.

- रात्रभर उभी राहिल्यावर वास: टाकी, कॉक, पाइप किंवा कार्बोरेटर. म्हणजे प्रेशर नसतानाही गळतंय.
- टाकी फुल्ल केल्यावरच वास, अर्धी झाली की बंद: लीक टाकीच्या वरच्या भागात. झाकणाचं रबर, फिलर पाइप किंवा पेट्रोल पंपाचं गॅस्केट.
- चावी ऑन केल्यावर किंवा चालू असतानाच वास: इंजेक्शनवाल्या गाडीची प्रेशर लाइन.
- गाडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी वास: इंजिनजवळचा जोड. उष्णतेनं झिरपलेलं पेट्रोल उडतं.
- कारमध्ये ब्लोअर लावल्यावर आत वास: बोनेटखालचा लीक. बाहेरची हवा काचेच्या खालच्या जाळीतून आत येते, ती बोनेटला लागूनच असते.
- फक्त सायलेन्सरमधून वास: गळती नसावी, पेट्रोल नीट जळत नाहीये.
- सर्व्हिसिंगनंतर लगेच वास: जिथे काम झालं तिथेच आधी बघा. बग बहुतेक शेवटच्या बदलात असतो.

टू-व्हीलर: कार्बोरेटर असलेली

देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं आणि त्यानंतरच्या बहुतेक टू-व्हीलर फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर आहे. त्यात गळतीच्या ठरलेल्या जागा आहेत.

ओव्हरफ्लो: कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोलची पातळी वर आली की तो वर जाऊन एका सुईने वाट बंद करतो, अगदी घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल-कॉकसारखा. सुईत कचरा अडकला किंवा तिचं टोक झिजलं की वाट बंद होत नाही आणि जादा पेट्रोल खालच्या बारीक पाइपातून बाहेर पडतं. गाडी साइड स्टँडवर कललेली असेल तर हे वाढतं. कार्बोरेटर साफ करून घ्या, सुई झिजली असेल तर बदला.

पेट्रोल कॉक: जुन्या मोटरसायकलींवर ऑन, रिझर्व्ह आणि काहींवर ऑफ अशा खुणा असतात. ऑफ असेल तर रात्री कॉक बंद करायची सवय लावा. बऱ्याच स्कूटरमध्ये कॉक इंजिनच्या व्हॅक्युमवर चालतो, इंजिन बंद झालं की आपोआप बंद. तो बिघडला की उघडाच राहू शकतो. अशा स्कूटरमध्ये रात्रभर ओव्हरफ्लो होत असेल तर कॉक आणि सुई दोन्ही तपासायला सांगा. दोन्ही बिघडल्याशिवाय बंद गाडीतून सहसा ओव्हरफ्लो होत नाही.

पाइप: हाताने हलकेच वाकवून बघा (इंजिन थंड असताना, उघड्यावर). चिरा दिसल्या, कडक लागला किंवा फुगून मऊ पडला असेल तर बदला. क्लिप आवळणं हा उपाय नाही, हे आमच्या पडवीत सिद्ध झालंय.

टाकी: आत पाणी साठून गंज लागतो आणि शिवणीजवळ बारीक भोक पडतं. त्यावर साबण चोळून गळती थांबवायचा जुगाड तुम्ही पाहिला असेल. तो मेकॅनिक येईपर्यंतच ठीक. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टाकी "रिकामी" आहे म्हणून तिला थेट वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा असते, भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोकादायक. नीट धुऊन, वाफ पूर्ण काढूनच ते काम होतं. भोक पडलेली टाकी बदलणं जास्त चांगलं.

टू-व्हीलर आणि कार: फ्युएल इंजेक्शन असलेली

इथे खेळ प्रेशरचा आहे. टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोल साधारण ३ बार दाबाने पाठवतो. कारच्या टायरमध्ये असते त्याहून जास्तच. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल कारमध्ये इंजिनजवळच्या लाइनला तर १०० बारहून जास्त प्रेशर असतं. त्यामुळे चीर केसाएवढी असली तरी पेट्रोल ठिबकत नाही, फवारा उडतो. इंजिन बंद केल्यावरही हा दाब काही काळ टिकतो. म्हणून जोड स्वतः उपटायचा नाही.

कुठे बघायचं:

- पंपाचं गॅस्केट: पंप टाकीत वरून बसवतात. बऱ्याच कारमध्ये तो मागच्या सीटखाली असतो. टाकी फुल्ल असताना मागच्या सीटवर वास येत असेल तर पहिला संशय इथे.
- क्विक कनेक्टर: पाइपाचे प्लास्टिकचे खटक्याचे जोड. सर्व्हिसिंगनंतर नीट बसले नाहीत किंवा आतली ओ-रिंग कापली गेली तर झिरपतात.
- इंजेक्टरची ओ-रिंग: रबर कडक होतं, इंजेक्टरच्या मुळाशी ओल किंवा धूळ चिकटलेली दिसते.
- फिलर पाइप: झाकणापासून टाकीपर्यंतचा. वळणावर किंवा पेट्रोल भरल्यावर वास वाढला तर इथे बघा.
- उंदीर: हसू नका. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते बोनेटमध्ये बस्तान मांडतात आणि वायरीबरोबर पाइपही कुरतडतात. लेंड्या, कापसाचे-कागदाचे तुकडे दिसले तर सगळे पाइप तपासल्याशिवाय गाडी चालू करू नका.

पाइप बदलताना "कुठला तरी काळा पाइप" चालत नाही. इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलाच पाइप आणि त्याच मापाची क्लिप मागा. कार्बोरेटरचा साधा पाइप इथे फुटू शकतो.

नव्या गाड्यांत चारकोल कॅनिस्टर असतो. टाकीतली वाफ बाहेर न सोडता तो कोळशात शोषून घेतो आणि नंतर इंजिनकडे पाठवतो. पंपावर ऑटो-कट झाल्यानंतरही "अजून पन्नासचं टाका" करत गळ्यापर्यंत भरलं तर पेट्रोल थेट या कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं आणि तो खराब होतो. शिवाय पेट्रोल उन्हात फुगतं. १० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर साधारण १४० मिलीने वाढतं. त्याला जागाच ठेवली नाही तर ते झाकणातून बाहेर येणार. म्हणून ऑटो-कट झाला की बस.

सायलेन्सरमधून येणारा वास

इथे नाकाने बरंच कळतं.

पेट्रोलचा वास: मिश्रण "रिच" झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, किंवा मिसफायर होतोय. थंड इंजिन सुरू करताना पहिलं मिनिटभर थोडा वास येणं सामान्य आहे. गरम झाल्यावरही येत असेल तर कारणं अशी: चोक अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला, स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब, इंजेक्टर टपकतोय, ऑक्सिजन सेन्सर चुकीचं सांगतोय. प्लग काढला तर कोरड्या काजळीने काळा दिसतो आणि मायलेज पडलेलं असतं.

ऑइलची डिपस्टिकही बघा. पातळी न भरता वाढलेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल पातळ होऊन इंजिन घासलं जातं. गाडी चालवू नका.

सडक्या अंड्याचा वास: हायड्रोजन सल्फाइड. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा मिश्रण बिघडलेलं असू शकतं. बीएस६ पेट्रोलमध्ये सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम असतं, बीएस४ मध्ये ५० पीपीएमपर्यंत चालायचं, त्यामुळे हा वास आता कमी येतो. पण हाच वास ओव्हरचार्ज होणाऱ्या बॅटरीलाही येतो. बॅटरी फुगलेली किंवा गरम लागली तर आधी तिकडे बघा.

गोडसर वास आणि दाट पांढरा धूर: कूलंट जळतंय. निळसर धूर: इंजिन ऑइल जळतंय.

आणि ज्याला वासच नाही तो सगळ्यात वाईट: कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. एक्झॉस्टचा पाइप इंजिनजवळ फुटला असेल तर थंड इंजिनला टिक-टिक आवाज येतो, जोडाजवळ काजळीचे डाग दिसतात आणि धूर केबिनमध्ये शिरू शकतो. प्रवासात डोकं दुखणं, मळमळ, गुंगी येणं आणि उतरल्यावर बरं वाटणं हे गाडी लागणं समजू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं किंवा एसी लावून कारमध्ये झोपणं कधीच नको.

पीयूसीचा कागद जपून ठेवा. पेट्रोल गाडीच्या कागदावर सीओ (टक्के) आणि एचसी (पीपीएम) असे आकडे असतात. एचसी म्हणजे न जळलेलं इंधन. गेल्या वेळेपेक्षा ते खूप वाढले असतील, तर "पास" आलं तरी इंजिन काहीतरी सांगतंय.

फोन आणि ओबीडी: काय दिसतं, काय नाही

कारच्या स्टिअरिंगखाली १६ पिनचा ओबीडी पोर्ट असतो. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डाँगल लावून फोनच्या अॅपवर एरर कोड वाचता येतात. बऱ्याच बाइकवर वेगळा, छोटा कनेक्टर असतो, त्याला अडॅप्टर लागतो. वासाच्या संदर्भात उपयोगी कोड:

- पी०१७२: मिश्रण रिच. पेट्रोल जास्त जातंय.
- पी०१७१: मिश्रण लीन. हवा जास्त किंवा पेट्रोल कमी पोचतंय. पेट्रोलच्या वासासोबत हा कोड आला तर पेट्रोल वाटेतच गळतंय का बघा.
- पी०३००: मिसफायर. पी०३०१ पासून पुढचे कोड सिलिंडरचा क्रमांक सांगतात.
- पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही.
- पी०४४२ आणि पी०४५५: टाकीच्या वाफेच्या यंत्रणेत लहान किंवा मोठी गळती. ही तपासणी प्रत्येक गाडीत असतेच असं नाही.

लाइव्ह डेटामध्ये "फ्युएल ट्रिम" बघा. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. सतत मोठा उणे आकडा म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल कमी करायचा प्रयत्न करतोय, म्हणजे कुठूनतरी जास्त येतंय. चेक इंजिन लाइट नुसता लागलेला न राहता लुकलुकत असेल तर जोरदार मिसफायर चालू आहे. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लालबुंद तापू शकतो. गाडी बाजूला घ्या, पण सुक्या गवतावर उभी करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठलाही कोड नाही म्हणजे लीक नाही, असं अजिबात नाही. पाइपातून बाहेर थेंब पडतोय हे ओळखणारा सेन्सर गाडीत नसतो. आमच्यासारख्यांना स्क्रीनवर हिरवं दिसलं की बरं वाटतं, पण इथे सेन्सर तुमचं नाक आहे. आणि त्याचीही एक मर्यादा आहे: त्याच वासात थोडा वेळ राहिलं की त्याला सवय होते. "आता वास कमी झाला" असं वाटलं तर दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन परत या, किंवा दुसऱ्या कुणाला विचारा.

वास तीव्र असताना डाँगल लावू नका, त्यासाठी चावी ऑन करावी लागते. बघायला उजेड हवा असेल तर टॉर्च लांबूनच चालू करून जवळ या. फोन इंजिनमध्ये खुपसून व्हिडिओ काढू नका.

सीएनजी, एलपीजी आणि डिझेल

सीएनजी हवेपेक्षा हलका असतो. उघड्यावर तो वर उडून जातो, पण बंद गॅरेजमध्ये छताखाली साठतो. सिलिंडरमध्ये तो २०० बार दाबाने भरलेला असतो. त्याला मुळात वास नसतो, लीक कळावा म्हणून वासाचं रसायन मिसळतात. वास आला की इंजिन बंद करा, सगळे उतरा, काचा-डिकी उघडा, सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायची चाचणी अधिकृत सेंटरलाच करू द्या. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. सेकंड-हँड कार घेताना ती तारीख आधी बघा.

एलपीजी मात्र पेट्रोलच्या वाफेसारखाच जड, खाली साठणारा. एलपीजी गाडी बेसमेंटमध्ये लावताना हे लक्षात ठेवा.

डिझेल पेट्रोलइतकं सहज पेटत नाही, पण कॉमन रेल इंजिनमध्ये दाब १,५०० बारच्या पुढे जाऊ शकतो. लीक बघायला चालू इंजिनच्या पाइपावरून बोट फिरवलं तर तो बारीक फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"वास येतो, बघा जरा" असं सांगितलं की क्लिप आवळून गाडी परत मिळते. त्याऐवजी असं सांगा: "रात्रभर उभी राहिल्यावर वास येतो, टाकी फुल्ल असताना जास्त, डाग उजव्या बाजूला मागच्या चाकापुढे पडतो, हा फोटो." आणि तीन गोष्टी मागा: लीकची जागा डोळ्यांनी दाखवा, काढलेला जुना पार्ट परत द्या, काम झाल्यावर इंजिन चालू करून तो जोड कोरडा आहे हे दाखवा. गाडी घरी आणली की त्या रात्री परत पुठ्ठा ठेवा. कोरडा निघाला तर बग क्लोज.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल भरून आल्यावर वास येतो, तो लीक आहे का?
भरताना थोडं सांडलं असेल तर अर्ध्या तासात वास जातो. त्यानंतरही राहिला तर तपासा.

ई२० पेट्रोलमुळे लीक होतात का?
ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यासाठी न बनवलेलं जुनं रबर त्यात फुगू किंवा कडक होऊ शकतं. गाडीचं मॅन्युअल आणि पेट्रोलच्या झाकणाजवळचा स्टिकर बघा. जुनी गाडी असेल तर पाइप आणि ओ-रिंग दरवर्षी तपासून, गरज पडली तर बदलून घ्या.

स्कूटर घरातच लावावी लागते. काय करू?
अनेकांकडे दुसरी जागाच नसते. निदान देवघर, शेगडी, इन्व्हर्टर आणि मीटरपासून लांब लावा, खालून हवा खेळती ठेवा, कॉकला ऑफ असेल तर तो बंद करा. आणि वास आला तर ती रात्र गाडी बाहेर काढा, कितीही उशीर झालेला असला तरी.

आमच्या पडवीतली स्कूटर अजून चालू आहे. पाइप, क्लिप आणि कॉक तिन्ही बदलले. आईने मात्र पणत्यांची जागा कायमची बदलली आणि बाबा आता रोज रात्री गाडी लावल्यावर खाली वाकून फरशी बघतात. याला दहा सेकंद लागतात. आज रात्री तुम्हीही बघा.